सी भाषेतली आवराआवर

सी भाषेत मेमरी मागितली की मिळते. ती परत मात्र कोणी मागत नाही, आणि सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं. मॅलॉक करून मेमरी घेतली की फ्री करून ती परत करायची, एवढाच काय तो नियम. ऑब्जेक्ट, म्हणजे त्या मेमरीत ठेवलेली वस्तू, एकाच फंक्शनच्या ताब्यात असेपर्यंत तो पाळताही येतो. तोच ऑब्जेक्ट चौघांच्या हाती फिरू लागला की फ्री कोणी करायचं हा प्रश्न सगळे एकमेकांवर ढकलतात. मग एक तर कोणीच करत नाही, नाहीतर दोघे करतात. दोघांनी केलं की प्रोग्राम कोसळतो, तोही भलत्याच ओळीवर.

यावर १९६० साली जॉर्ज कॉलिन्स यांनी रेफरन्स, म्हणजे ऑब्जेक्टला किती ठिकाणांहून धरून ठेवलंय ते, मोजण्याचा उपाय मांडला. शेवटी जो बाहेर पडेल त्याने खोलीतला दिवा मालवायचा. कल्पनेत खोट काढायला जागा नाही. फक्त खोलीत किती जण आहेत, हे सीमध्ये आपणच मोजत बसायचं.

पायथॉनसाठी सीमध्ये मॉड्यूल लिहिणाऱ्याला हा जाच रोजचा. पाय-इन्क्रेफ या मॅक्रोने (मॅक्रो म्हणजे कंपाइल होण्याआधी पूर्ण कोडमध्ये उलगडणारं लघुरूप) आकडा वाढवायचा, पाय-डेक्रेफने उतरवायचा, शून्य झाला की ऑब्जेक्ट गेला. इथवर ठीक. पण पायलिस्ट-गेटआयटमने लिस्टमधून काही घेतलं तर तो रेफरन्स उसना, त्याला डेक्रेफ लावायचा नाही. पायलिस्ट-सेटआयटमने लिस्टमध्ये काही ठेवलं तर लिस्ट आपला रेफरन्स चोरते, म्हणजे तो तिचा होतो आणि आपण सोडायचा नाही. आरोप माझा नाही, अधिकृत कागदपत्रांतच तसं लिहिलंय. म्हटलं, डिक्शनरीही चोरत असेल. छे, ती सज्जन निघाली! स्वतःचा वेगळा रेफरन्स घेते, आपला आपण सोडायचा. चोर कोण आणि साव कोण, हे फंक्शनच्या नावावरून ओळखून दाखवावं कोणीही. त्यात पायथॉनचं ‘नन’ हे रिकामं मूल्य परत करतानाही आकडा वाढवावा लागे. म्हणजे ‘काही नाही’ हेसुद्धा मोजून द्यायचं! अखेर २०२३ साली ३.१२ आवृत्तीत ‘नन’ला अमरत्व बहाल झालं. बाकीचे आम्ही मर्त्य मोजतोच आहोत.

खरी गंमत चूक झाल्यावर कळते. फंक्शनने ओळीने चार गोष्टी घेतल्या आणि पाचवी मिळाली नाही, तर आधीच्या चारही उलट्या क्रमाने सोडायच्या. त्यासाठी तळाशी लेबलांची, म्हणजे कोडमधल्या खुणेच्या नावांची, उतरंड रचायची आणि गोटू या आज्ञेने नेमक्या पायरीवर उडी मारायची. ‘गोटू वापरू नका’ असं सांगणारी मंडळी इथे डोळे मिटून घेतात. मध्येच एखादी गोष्ट वाढली की सगळ्या लेबलांचे क्रमांक बदलायचे. तेवढा उत्साह कोणाला असतो? ‘फेल२’ आणि ‘फेल३’ यांच्यामध्ये ‘फेल२अ’ नांदताना मी पाहिलंय.

मग कोणीतरी म्हणतं, मॅक्रो लिहू. लिहा. त्याला आधी डू-व्हाइल-शून्यचा अंगरखा चढवावा लागतो. एकदाच चालणारा हा लूप कशासाठी, असं नवा माणूस हमखास विचारतो. इफ आणि एल्सच्या मध्ये मॅक्रो टाकल्यावर मागचा अर्धविराम पचावा म्हणून, हे सांगितलं की तो आपल्याकडे काळजीने पाहतो. एवढं करूनही मॅक्रोने पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, आत दोनदा वापरला आणि बाहेरून कोणी ‘पी प्लस प्लस’ (एक घर पुढे सरक) दिलं, की पॉइंटर दोन घरं पुढे आणि आपण दोन दिवस मागे.

त्यातल्या त्यात सुखाचा शोध म्हणजे जीसीसी या कंपायलरचं क्लीनअप ॲट्रिब्यूट, म्हणजे व्हेरिएबलला जोडायची खास सूचना. व्हेरिएबलवर ते लावलं की स्कोप (व्हेरिएबल जगतं तो कोडचा भाग) संपताच ठरलेलं फंक्शन आपोआप चालतं. तेच मॅक्रोत गुंडाळून जीलिब या सीच्या लायब्ररीने ‘जी-ऑटोपीटीआर’ दिलं, आणि २०२३ मध्ये लिनक्स कर्नलमध्येही अशी सोय आली. गोटूची उतरंड गेली! तिच्या जागी नव्या काळज्या आल्या. व्हेरिएबल सुरुवातीला नल (कुठेच बोट न ठेवणारं) केलं नसेल आणि मध्येच रिटर्न झालं, तर ज्या कचऱ्यावर पॉइंटर बोट ठेवून असेल तोच इमानेइतबारे फ्री होतो. पॉइंटर सरळ रिटर्न केला, तर मागणाऱ्याच्या हाती पडण्याआधीच मेमरी गेलेली असते. म्हणून रिटर्न करताना तो आपल्याच व्हेरिएबलमधून पळवायचा. त्यासाठीही मॅक्रो आहे, जी-स्टील-पॉइंटर. म्हणजे पुन्हा चोरीच.

शिवाय हे ॲट्रिब्यूट मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला ठाऊक नाही. अशा कंपायलरवर जीलिब तो मॅक्रो देतच नाही, त्यामुळे कोड अडतो आणि निदान कळतं तरी. एका प्रकल्पात मात्र कोणा समंजस माणसाने तिथे मॅक्रोची व्याख्याच रिकामी ठेवली होती. कोड तिथे विनातक्रार कंपाइल व्हायचा, चाचण्या पास व्हायच्या आणि फ्री काहीच व्हायचं नाही. सर्वांत कमी क्रॅश त्याच आवृत्तीत होते, त्यामुळे तिला हात लावायला कोणी तयार नव्हतं.