'सुटलेल्या प्रत्येक कैद्याला 30 एकर फुकट': ऑस्ट्रेलियाच्या फॉरवर्डमध्ये खरं किती?

फिरणारा मजकूर थोडक्यात असा: इंग्रजांनी आपले चोर-दरोडेखोर ऑस्ट्रेलियात नेले, शिक्षा संपताच प्रत्येकाला 30 एकर सुपीक, मोकळी जमीन फुकट दिली, आज तिथले बडे जमीनदार ते हेच, आणि आपल्या कैद्यांच्या वाट्याला मात्र अंदमानातला कोलू. यातला 30 चा आकडा खरा आहे, म्हणून बाकीचंही खपून जातं.

'प्रत्येकाला मिळाली'

आकडा येतो तो न्यू साउथ वेल्स या ऑस्ट्रेलियातल्या इंग्रज वसाहतीचा पहिला गव्हर्नर आर्थर फिलिप याला एप्रिल 1787 मध्ये मिळालेल्या सरकारी सूचनांमधून. पुरुषाला 30 एकर, लग्न झालेलं असेल तर आणखी 20, आणि जमीन देतेवेळी असलेल्या प्रत्येक मुलामागे 10. बाईसाठी वेगळा वाटा नाही. ती नवऱ्याच्या हिशेबातले 20 एकर. आणि हे सरसकट सगळ्यांना नव्हतंच. चांगली वर्तणूक आणि कष्टाची तयारी दिसेल, अशा कैद्याला गव्हर्नरनं मुक्त करावं आणि मग जमीन द्यावी, असं त्यात आहे. म्हणजे हक्क नाही, मर्जी.

त्यातही सुरुवातीला एक कारकुनी घोळ होता. कैद्यांना घेऊन आलेल्या जहाजांच्या पहिल्या ताफ्याबरोबर त्यांच्या शिक्षेची कागदपत्रं आलीच नव्हती. 1789 मध्ये काही जण 'आमची सात वर्षं भरली' म्हणू लागले, तेव्हा ते पडताळायला फिलिपकडे काहीच नव्हतं. शिवाय 'सुटलेला' हा शब्दही सैल वापरला जातो. मुदत संपलेला, माफी मिळालेला आणि तिकीट-ऑफ-लीव्हवर स्वतःचं काम करायची मुभा मिळालेला हे तीन वेगळे लोक. तिकीटवाला सुटलेला नसतो. वागणूक बिघडली की तिकीट जप्त.

वर्षंही बघा. 1788 ते 1868 या काळात ऑस्ट्रेलियात सुमारे 1,62,000 कैदी आले, त्यातले बहुसंख्य 1815 नंतर. फुकट जमीन देणं 1831 च्या नियमांनी सगळ्यांसाठीच बंद झालं. पुढे लिलाव, कमीत कमी बोली एकरी 5 शिलिंग. पश्चिम ऑस्ट्रेलियात कैदी आले तेच 1850 पासून, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

'शिक्षा संपताच, काही न करता'

जमीन देण्यामागे दया नव्हती, भूक होती. सरकारी शेतं पिकत नव्हती, कोठारं रिकामी होत होती. डिसेंबर 1789 मध्ये रसद आणणारं 'गार्डियन' जहाज हिमनगावर आपटलं, मार्च 1790 मध्ये 'सिरियस' नॉरफोक बेटाजवळ फुटलं. एक माणूस स्वतःपुरतं पिकवायला किती दिवस घेतो, हे फिलिपला आजमावायचं होतं.

त्यासाठी निवडला जेम्स रूस. कॉर्नवॉलचा, 1782 मध्ये घरफोडीसाठी सात वर्षं काळं पाणी झालेला. नोव्हेंबर 1789 मध्ये त्याला सिडनीजवळच्या पॅरामाटा भागात जागा दिली, पण ताबा वेगळा आणि सनद, म्हणजे मालकीचा कागद, वेगळी. दीड एकर आधीच साफ केलेली, एक झोपडी, बियाणं, दोन डुकरिणी, सहा कोंबड्या आणि कोठारातून शिधा. 1791 मध्ये 'आता शिधा नको, माझं मी भागवतो' असं त्यानं सांगितलं, तेव्हा कुठे सनदेची गोष्ट झाली. सनदांमध्ये दहा वर्षं सारा माफ, पण जमिनीवर राहायचं, ती कसायची आणि आरमाराच्या कामाचं लाकूड सरकारचं, या अटी होत्या.

'30 एकर म्हणजे चंगळ'

फॉरवर्ड करणाऱ्यानं एकदा गुंठ्यांत हिशेब मांडायला हवा होता. नांगर नाही, बैल नाही, हातात कुदळ. आणि जमीन म्हणजे निलगिरीच्या जातीच्या कठीण लाकडाचं रान. झाड पाडायचं, जाळायचं, बुंधा तसाच ठेवून त्याच्या आजूबाजूला खणायचं.

रूसनं आपली पद्धत 1790 मध्ये मरीन अधिकारी वॉटकिन टेंचला सांगितली, ती नोंदलेली आहे. पडलेलं लाकूड जाळून राख जमिनीत मिसळायची. मग कुदळीनं खणायचं, दिवसाला आठ, फार तर नऊ चौरस रॉड. आठ रॉड म्हणजे बरोबर 2 गुंठे. सरकारी शेतावर नुसतं खरवडतात तसं नाही, हे त्यानं मुद्दाम सांगितलं. ढेकळं फोडायची, गवत-तण आत गाडायचं, रान जमेल तितके दिवस उन्हावाऱ्यात उघडं ठेवायचं, पेरणीच्या तोंडावर पुन्हा सगळं उलथायचं. कापणीनंतर सलगम पेरून जमीन भुसभुशीत करायची, आणि काड व कुजेल ते सगळं खड्ड्यांत टाकून खत करायचं. गुरंच नव्हती, तर शेणखत आणणार कुठून? मदतीला दिलेला एक कैदी सरकारनं परत नेला होता, उरली बायको.

या वेगानं दीड एकराची एक खणणी 30 दिवसांची, आणि पूर्ण 30 एकरांची 600 दिवसांची, तीही झाडतोड न धरता. म्हणून बहुतेकांची सनद 30 एकरांची आणि पीक चार-दोन एकरांवर. एक हंगाम बुडाला की पुढचं बियाणं उधारीवर. आणि उधार देणारे कोण, तर 1792 च्या अखेरीस फिलिप गेल्यावर मोठ्या जमिनी मिळालेले लष्करी अधिकारी. त्यांना सरकारी शिध्यावर पोसलेले दहा-दहा कैदी मजूर मिळत, आणि जहाजावरचा माल व दारूही त्यांच्याच हातात.

रूसनंसुद्धा ऑक्टोबर 1793 मध्ये आपली जमीन 40 पौंडांना जॉन हॅरिस या लष्करी शल्यवैद्याला विकली. मग तो हॉक्सबरी नदीकाठी गेला. गाळाची उत्तम जमीन, पण पुराच्या तोंडात: 1799, 1806, 1809. कापून रचलेल्या गंजी वाहून जायच्या. 1810 मध्ये गव्हर्नर मॅक्वारीनं उंचावर पाच गावं आखली, ती याच कारणानं. 1828 च्या शिरगणतीत रूस दुसऱ्याच्या शेतावर मुकादम होता.

'मोकळी जमीन'

मोकळी नव्हती. पॅरामाटा बुरामाटागल लोकांचं, हॉक्सबरीचा काठ दारुग लोकांचा. त्या काठावर ते रानकंद खणून खात; तिथेच मका लागला. कणसं तोडली म्हणून गोळ्या चालल्या आणि 1795 मध्ये तिथे सैन्य धाडलं गेलं. 'मालक नसलेली भूमी' ही कायदेशीर समजूत ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानं 1992 च्या माबो खटल्यात मोडीत काढली.

'आजचे जमीनदार तेच'

सॅम्युएल टेरीचं नाव पुढे केलं जातं: मोजे चोरल्याबद्दल आलेला, 1820 च्या सुमारास सुमारे 19,000 एकरांचा धनी. पण ते 30 एकर कसून नव्हे, दुकानदारी, सावकारी आणि गहाणवटीवर. त्याच्याकडे गेलेल्या जमिनी ज्यांच्या सुटल्या, त्यांची नावं फॉरवर्डमध्ये येत नाहीत.

'अंदमानात फक्त कोलू'

1858 पासूनच्या पोर्ट ब्लेअर वसाहतीत राजकीय नसलेल्या कैद्यांना साधारण दहा वर्षांनी 'सेल्फ-सपोर्टर' तिकीट मिळू शकत असे. गावात घर, शेती, गुरं, लग्न किंवा घरच्यांना बोलावून घेणं. पहिलं वर्ष घर, अन्न, अवजारांची मदत, तीन वर्षं सारा माफ, पुढे सगळी देणी स्वतःची. राजकीय कैद्यांचं प्रकरण निराळं. फरक शोधायचाच तर तो मालकीत आहे. रूसला जमीन विकता आली. पोर्ट ब्लेअरच्या कसणाऱ्याची जमीन सरकारचीच राहायची, आणि परवानगीवाचून त्याला वसाहत सोडता येत नसे.