बाँडचं रक्त तपासायचंच असेल, तर नीट तपासा

भाच्याने एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली पुस्ती जोडली, "मावशी, पटतंय ना?" नाही रे बाबा. पुढचा बाँड म्हणून इद्रिस एल्बा या काळ्या ब्रिटिश नटाचं नाव निघालं की दरवेळी उगवतो तोच हा मेसेज. जेम्स बाँड शुद्ध इंग्रज रक्ताचा नायक आहे, काळा नट घेणं म्हणजे ब्रिटनची ओळख पुसणं, काळा माणूस गर्दीत उठून दिसतो म्हणून हेर शोभत नाही, उद्या ब्लॅक पँथर हा काळा सुपरहिरो गोरा केला तर चालेल का, प्रेक्षक असा बाँड नाकारतील, आणि हा सगळा अमेरिकी हॉलिवूडचा डाव. शेवटी "सत्य कटू असतं" हे आहेच.

आधी ते "उठून दिसतो" घेऊ, कारण ते वाचून मी मोठ्याने हसले. बाँड कधी गर्दीत मिसळला? कॅसिनोत शिरायचं, डिनर जॅकेट घालून भर टेबलावर स्वतःचं खरं नाव सांगायचं, तेही आडनाव दोनदा, ही त्याची गुप्तहेरी. 'ऑक्टोपसी' या बाँडपटात उदयपूरला बाँड झालेला रॉजर मूर काय गर्दीत हरवून गेला होता? आणि १९७३ चा 'लिव्ह अँड लेट डाय' काढून बघा. लांब ओव्हरकोट घालून मूर न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एका काळ्या वस्तीतल्या हॉटेलात जाऊन बसतो. बसतो न बसतो तोच भिंत टेबलासकट गर्रकन फिरते आणि साहेब थेट शत्रूच्या अड्ड्यात. पुढे सीआयएचा काळा एजंट त्याला टोमणा मारतो, हार्लेममध्ये गोरा चेहरा, काय डोकं चालवलंस! म्हणजे गोरा हेर उठून दिसतो हा विनोद खुद्द बाँडपटानेच पन्नासेक वर्षांपूर्वी करून ठेवलाय. ब्रिटनच्या एमआय-सिक्स या खऱ्या गुप्तहेर संस्थेलाही हे कळतं. २०१८ मध्ये त्यांनी पहिल्यांदा टीव्हीवर भरतीची जाहिरात दिली, ती बायका आणि अल्पसंख्याक वंशांचे लोक यावेत म्हणूनच.

आता रक्त. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

बाँडचा जनक लेखक इयन फ्लेमिंगच्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या १९६४ च्या कादंबरीत बाँड मेला असं समजून त्याचा मृत्युलेख छापून येतो. त्यात त्याची कुळकथा आहे. बाप अँड्र्यू बाँड, स्कॉटलंडमधल्या ग्लेन्कोचा. आई मोनिक देलाक्रुआ, स्वित्झर्लंडच्या वो प्रांतातली. तो अकरा वर्षांचा असताना दोघंही गिर्यारोहणात गेले. अर्धा स्कॉटिश, अर्धा स्विस. मेसेजवाल्यांचं "शुद्ध इंग्रज रक्त" यात कुठे सापडतंय ते त्यांनीच दाखवावं. शिवाय हे स्कॉटिशपण पहिल्या पुस्तकापासूनचं नाही. १९६२ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबराचा शॉन कॉनरी बाँड म्हणून पडद्यावर आला. फ्लेमिंगला तो आधी पसंत नव्हता, मग पसंत पडला, आणि त्यानंतरच्या पुस्तकांत बाँडला स्कॉटिश बाप मिळाला. नट बघून लेखकाने पात्राचं मूळ बदललं, असंच सहसा मानतात.

आणि पुढचे नट? जॉर्ज लेझनबी ऑस्ट्रेलियाचा. पिअर्स ब्रॉस्नन आयर्लंडमधल्या द्रॉहेडाचा, म्हणजे ब्रिटिश राज्याशी लढून वेगळ्या झालेल्या देशाचा. यांच्या वेळी ब्रिटनची ओळख पुसली गेली नाही. इद्रिस एल्बा मात्र १९७२ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात जन्मला, लंडनमध्येच वाढला. त्याचे आईवडील सिएरा लिओन आणि घानाचे, दोन्ही एकेकाळच्या ब्रिटिश वसाहती. तो "बाहेरचा"! ऑस्ट्रेलियन चालतो, आयरिश चालतो, लंडनकर चालत नाही. मग चाळणी राष्ट्रीयत्वाची नाही, कातडीची आहे. तसं सरळ म्हणा, उगाच देशाचं नाव पुढे करू नका. कारण "काळा माणूस खरा ब्रिटिश नाही" हे वाक्य सिनेमापुरतं राहत नाही, तिथे जन्मलेल्या लाखो लोकांना ते रोज ऐकावं लागतं. एल्बाने स्वतः सांगितलंय की चर्चा वंशावर गेली आणि त्याचं मन उडालं.

ब्लॅक पँथरचं उत्तर सोपं आहे. तो वाकांडाचा राजा, आणि वाकांडा म्हणजे कोणाचीही वसाहत न झालेला आफ्रिकी देश. राजा गोरा केला की गोष्टच उरत नाही. बाँड गोरा नसला तर कथेतलं काय मोडतं? त्याचं मार्टिनी पिणं? आणि उलटा प्रयोग कधीच होऊन गेलाय. फ्लेमिंगच्या कादंबरीतला खलनायक डॉक्टर नो अर्धा चिनी, अर्धा जर्मन. १९६२ च्या सिनेमात तो जोसेफ वाइझमन या गोऱ्या नटाने डोळ्यांचा मेकअप करून रंगवला. तेव्हाचं "मूळ पात्र" कोणाला आठवत नाही.

प्रेक्षक नाकारतील म्हणे. डॅनियल क्रेगला बाँड केलं तेव्हा त्याचे केस सोनेरी म्हणूनही बोंब झाली होती. पुढे त्याच्याच 'स्कायफॉल'ने शंभर कोटी डॉलरच्या वर कमाई केली.

एक मान्य करते, नाइलाजाने. फ्लेमिंगने बाँड गोराच लिहिला, यात शंका नाही. आणि नुसता रंग बदलून बाकी सगळं तसंच ठेवणं हा आळशीपणा आहे. 'नो टाइम टु डाय'मध्ये लशाना लिंच या काळ्या नटीच्या नोमीला ००७ हा बाँडचा क्रमांक दिला आणि चित्रपट संपायच्या आत तिच्याच तोंडून तो परत करवला. त्या बाईसाठी धड कथा लिहायला कोणाला वेळ नव्हता. यावर टीका करा, मी सोबत येते. पण मेसेजमध्ये ही टीका नाहीच.

राहिला अमेरिकी डाव. बाँड पडद्यावर पहिल्यांदा आला तो १९५४ मध्ये, अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर. बॅरी नेल्सन नावाच्या अमेरिकी नटाने तो साकारला. बाँड अमेरिकी एजंट, नाव "जिमी". पुस्तकातला त्याचा अमेरिकी मित्र लायटर तिथे ब्रिटिश करून टाकला होता. हे सगळं फ्लेमिंग हयात असताना. पुढे बाँडपटांची कंपनी काढली अल्बर्ट ब्रोकोली या न्यूयॉर्ककराने आणि हॅरी साल्ट्झमन या कॅनडात जन्मलेल्या माणसाने. डाव असलाच, तर तो एल्बाच्या जन्माआधीच उरकलाय. भाच्याला एवढंच कळवलंय, आणि तो मृत्युलेख वाचायला सांगितलाय.