चुना पाण्यात टिकतो का? एडिस्टोनच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर, भर समुद्रातल्या एडिस्टोन खडकावर जॉन स्मीटन या इंजिनिअरनं अठराव्या शतकात दगड-चुन्यात दीपगृह बांधलं. त्यावरच्या माझ्या लेखाबद्दल आपण मोकळेपणानं लिहिलंत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. चुना भर समुद्रात टिकूच शकत नाही, तिथं सिमेंटच वापरलं असणार. दुसरं, तो मनोरा १८८२ मध्ये उतरवावा लागला, म्हणजे काम फसलंच होतं, मग कौतुक कसलं? आणि तिसरं, समुद्रापासून इतक्या लांब सोलापुरात बांधकाम करणाऱ्यानं हे वाचून करायचं काय?

आधी सिमेंटचं. लेखात मी ‘आतून पोर्टलंड’ एवढंच लिहिलं होतं. चाळीस वर्षं बांधकामात असलेल्या माणसानं ते सिमेंट असं वाचलं, तर दोष माझ्या लिहिण्याचा. पोर्टलंड हा इंग्लंडमधल्या एका चुनखडकाचा प्रकार आहे. जॉन स्मीटननं बाहेरून कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट लावला आणि आतल्या भरावाला हा दगड घेतला, कारण तो घडवायला सोपा. बाहेर लावला असता तर दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी त्याची चाळण केली असती. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिननं १८२४ मध्ये घेतलं, आणि वाळल्यावर ते या दगडासारखं दिसतं म्हणून हे नाव दिलं. स्मीटनच्या मनोऱ्यावर २४ मेणबत्त्यांचा दिवा लागला १६ ऑक्टोबर १७५९ रोजी. म्हणजे सिमेंटच्या ६५ वर्षं आधी.

चुन्याबद्दल आपण म्हणता ते साध्या चुन्यापुरतं अगदी खरं आहे. शुद्ध चुनखडी भाजून केलेला कळीचा चुना विझवला, की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. पाण्याखाली हवा पोचत नाही, तो ओलाच राहतो आणि हळूहळू धुपून जातो. किनाऱ्यावरच्या रेम हेडपासून सुमारे १४ किलोमीटर आत, भरतीला जवळजवळ बुडून जाणाऱ्या खडकावर असला चुना चालला नसता, हे स्मीटनलाही माहीत होतं. म्हणून त्यानं कामाला हात घालण्याआधी ठिकठिकाणचे चुने तपासले. चुना मळायचा, दोन इंच व्यासाचा गोळा करायचा, जरा आवळला की पाण्यात सोडायचा आणि बघत राहायचं. काही गोळे पाण्यात ढासळले, काही दगड झाले. वेल्समधल्या ॲबरथॉच्या चुनखडीचा चुना पाण्यात घट्ट होत होता, आणि ती चुनखडी शुभ्र नव्हती, निळसर मळकट होती. तोपर्यंत समज असा, की चुनखडी जितकी पांढरी आणि कठीण तितका चुना चांगला. स्मीटननं ॲबरथॉची चुनखडी नायट्रिक आम्लात विरघळवली, तर तळाशी चिकणमाती उरली. इथं खरा उलगडा झाला. चुनखडीत मुळातच माती असली, तर भट्टीत त्या मातीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते, आणि तयार होणारा पदार्थ हवेवर अवलंबून न राहता पाण्याशीच घट्ट होतो. त्यात त्यानं इटलीतल्या चिव्हिताव्हेक्कियाहून आणलेली पोझोलाना, म्हणजे ज्वालामुखीची राख, चुन्याच्या बरोबरीनं मिसळली. एकास एक.

पण हा चुनाही ताजा असताना धुतला जाऊ शकतो, म्हणून लाटेचा मार त्याच्यावर पडू द्यायचाच नाही, अशी दगडांची रचना होती. ड्रॉवरच्या कोपऱ्याला सुतार जो डोव्हटेल सांधा करतात, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, तो त्यानं दगडात कोरला. उतरत्या खडकाला पायऱ्या पाडून त्यांतही तशाच खाचा घेतल्या. १२ जून १७५७ रोजी बसवलेला पहिला दगड सव्वादोन टनांचा होता. शेजारच्या दगडांच्या सांध्यात ओकच्या पाचरी, दगडातून आरपार भोक पाडून खालच्या थरात ठोकलेल्या ओकच्या खुंट्या, आणि थर एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून मधे संगमरवरी ठोकळे. त्यामुळे ओहोटी संपून पाणी चढलं, तरी नुकताच बसवलेला दगड हलत नव्हता आणि चुन्याला आवळायला वेळ मिळत होता. वरच्या खोल्यांची छतं कमानीची, ती भिंतीला बाहेर रेटणार. त्यासाठी भिंतीत गोल खोबण घेऊन लोखंडी साखळी घातली आणि वरून शिसं ओतलं.

आता मनोरा उतरवल्याचं. १८७० च्या दशकात तपासणी झाली तेव्हा मोठ्या लाटेला तो डोलत होता, हे खरं. पण झिजला होता तो खालचा खडक. समुद्रानं त्याला आतून पोखरलं होतं. मनोऱ्याचे सांधे शाबूत होते, म्हणून तर वरचा भाग दगड-दगड सोडवून किनाऱ्यावरच्या प्लिमथ शहरातल्या टेकडीवर नव्या जोत्यावर पुन्हा उभा करता आला. बुंधा खडकावरच राहिला आणि आजही लाटा खात उभा आहे. १२३ वर्षांच्या कामाला फसलेलं म्हणणं मला पटत नाही. स्मीटनची एक बाजू मात्र खरंच उणी होती. झाडाच्या बुंध्यासारख्या वक्र पायावरून लाट वर चढायची. जेम्स डग्लसनं १८८२ चा नवा, ४९ मीटर उंचीचा मनोरा बांधताना खाली सरळ उभ्या भिंतीचा गोल चौथरा घेतला, त्यावर लाट आपटून फुटते. ही टीका आपण केली असती तर मला लगेच मान्य करावी लागली असती.

राहिलं सोलापूर. आपल्याकडच्या काळ्या रानात नांगराला पांढरे, मातीमिश्रित खडे लागतात, ते भाजून चुना करायची पद्धत जुनीच. त्यात माती असते, म्हणून तो चुना काही अंशी ॲबरथॉच्या जातीचा. आणि पोझोलानाचं काम आपल्याकडे सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, करते. जुन्या विहिरीच्या, पाण्याच्या टाक्याच्या किंवा वाड्याच्या जोत्याच्या दरजा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, भरताना हे उपयोगी पडतं. १ भाग विझवून निदान पंधरा दिवस मुरवलेला साधा चुना, १ भाग सुरखी, १ ते २ भाग धुतलेली वाळू. सुरखी बेताच्या भाजलेल्या विटेची हवी. जास्त भाजून खंगर झालेल्या विटेचा चुरा चुन्याशी संयोग पावत नाही, नुसती वाळू होऊन बसतो. दळणही मैद्यासारखं बारीक हवं, भरड सुरखीचंही तेच होतं.

आपल्याकडे हे काम बिघडतं ते बहुतेकदा ऊन लागून. चाळीस अंशांत सकाळी भरलेली दरज दुपारपर्यंत कोरडी होते, आणि पाण्याशी होणारी क्रिया पाणीच नसल्यानं अर्ध्यावर थांबते. नखानं उकरलं तर पांढरी भुकटी निघते आणि दोष चुन्याला दिला जातो. दरज रुंदीच्या निदान दुप्पट खोल खरवडा, धूळ धुऊन काढा, विटा आदल्या संध्याकाळी भिजवा, आणि भरल्यावर ओलं पोतं लावून दहा-बारा दिवस ओलावा टिकवा. काळा दगड पाणी फारसं पीत नाही, त्याला शिंतोडा पुरतो.

वाड्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटची दरज मारू नका, असं मी लेखात लिहिलं त्याचं कारण वेगळं. काळ्या दगडाला सिमेंटनं फारसं काही होत नाही, पण भिंतीतली ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही. ती विटेतून वाट काढते, क्षार विटेच्या पृष्ठभागाशी साठतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. सिमेंटची दरज जागेवर, वीट आत गेलेली, हे दृश्य जुन्या वाड्यांत आपण पाहिलं असेलच.

चुना पारखायचा असेल तर गोळ्याची परीक्षा घरीही होते. लिंबाएवढा गोळा, बोटानं दाबून ठसा जेमतेम उमटेल इतका आवळू द्या, मग पाण्याच्या भांड्यात ठेवा. साधा चुना असेल तर कडा सुटून चिखल होतो. पाण्यात घट्ट होणाऱ्या चुन्यात काही दिवसांनी खिळा रुतत नाही. खडा तपासायचा तर त्याची पूड काचेच्या बरणीत घ्या आणि बाथरूम धुवायचं ॲसिड थोडं थोडं, उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून ओता. फेस थांबला की तळाचा गाळ धुऊन बोटांत चोळा. करकरला तर वाळू, चिकटला तर माती. स्मीटननं त्या चिकट गाळाची गोळी करून भाजली होती, आणि तिची लालसर वीट झाली होती.