कोरी वही

माझी मुलगी २०१८ च्या जुलैमधली, आणि तिचा पुण्यातला आतेभाऊ तिच्यापेक्षा फक्त अकरा दिवसांनी लहान. तो गेल्या जूनमध्ये दुसरीत गेला आणि ही सप्टेंबरात पहिलीत. नापास वगैरे काही नाही, नुसता तारखेचा घोळ. आम्ही राहतो जर्मनीत, स्टुटगार्टला. इथे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात ३० जूनपर्यंत सहा वर्षं पूर्ण झाली असतील तरच त्या वर्षी शाळा सक्तीची, आणि आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंतचं चालतं. हवं तर पालक एक वर्ष आधी घालू शकतात, आम्ही चौकशीही केली, तर किटामधल्या बाई (किटा म्हणजे इथली पाळणाघर-कम-बालवाडी) शांतपणे म्हणाल्या, घाई कसली आहे? हा प्रश्न मी इथे इतक्यांदा ऐकलाय की आता त्याचा राग यायचा पण बंद झालाय.

राग यायचं कारण म्हणजे आमचा फॅमिली ग्रुप. भाचा ज्युनिअर केजीत होता तेव्हापासून ग्रुपवर त्याच्या वह्यांचे फोटो यायचे, एक ते शंभर आकड्यात, मग अक्षरात, ए टु झेड कॅपिटल, मग स्मॉल, प्रत्येक पानावर लाल पेनाने स्टार आणि गुड. आणि सासूबाई मला पर्सनलवर लिहायच्या, पिल्लूची पण वही टाक की गं. आता टाकू काय? मी पुण्याहून हौसेने आणलेली दुरेघी वही कपाटात तशीच कोरी पडली होती आणि पिल्लू रोज संध्याकाळी घरी यायचं ते खिशात दगड, काड्या आणि एकदा चक्क मेलेला भुंगा घेऊन.

ती पाच वर्षांची असताना किटामध्ये पालकभेट होती. वर्षातून एकदा असते, अर्धा-पाऊण तास फक्त तुमच्या मुलाबद्दल बोलायचं. मी मनात यादी घेऊन गेले होते, अंक किती येतात, अक्षरं ओळखते का, नाव लिहिते का. बाईंनी एक जाड फाइल काढली, त्यात हिची चित्रं, फोटो आणि बाईंनी स्वतः लिहिलेल्या नोंदी. एक नोंद मला आजही आठवते. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर ताटल्या मांडायची पाळी हिची होती, टेबलाला मुलं नऊ, ही आठच घेऊन आली, मांडल्या, शेवटच्या मुलासमोर काहीच नाही हे बघितलं, परत गेली, एक आणली, आणि मग चमचे आणायला निघाली तेव्हा आधी जागेवरच उभं राहून बोटांवर मुलं मोजली आणि बरोबर नऊ घेऊन आली. एवढंच. बाई मध्ये काहीच बोलल्या नव्हत्या, त्या बघत होत्या आणि नंतर त्यांनी ते लिहून ठेवलं. मी विचारलं, पण आकडे लिहिते का? तर म्हणाल्या, लिहील की, मोजायचं कशासाठी असतं ते तिला कळलंय.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ताटल्या मांडणं म्हणजे गणित असेल तर आपल्याकडे लग्नातले वाढपी सगळे गणितज्ञच. हसलो, पण टेन्शन दोघांनाही होतं हे खरं. शाळेत जायच्या आधी इथे आरोग्य खात्याची तपासणी असते, तिथेही हिला एका पायावर उड्या मारायला लावल्या, माणसाचं चित्र काढायला सांगितलं, एक वाक्य ऐकून परत म्हणायला सांगितलं. वाचायला काहीच दिलं नाही. माझा जीव टांगणीला.

किंडरगार्टन हा शब्द मूळचा इथलाच. फ्रीड्रिख फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८४० मध्ये, थुरिंगियातल्या बाड ब्लांकेनबुर्गला, आपल्या संस्थेला ते नाव दिलं, मुलांची बाग. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, गाणी, बागकाम, असला सगळा कारभार. १८५१ मध्ये प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्याच्या सरकारने चक्क बंदी घातली, कारण काय तर इथे मुलं नास्तिक आणि समाजवादी होतात. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला आणि बंदी उठली १८६० मध्ये. आपल्या केजीतला के म्हणजे हाच किंडर, आणि त्या केजीत आपण साडेतीन वर्षांच्या पोराचा हात धरून त्याच्याकडून ए गिरवून घेतो. प्रशियाला जे बंदी घालून जमलं नाही ते आपण युनिफॉर्म घालून जमवलं.

आता मूळ मुद्दा. २०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, मग गदारोळ, मग जूनमध्ये सुधारित जीआर, मग अजून मोठा गदारोळ, आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतले. मी पण इथून तावातावाने पोस्टी टाकल्या, आणि माझं मत आजही तेच आहे, सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये. पण त्या अडीच महिन्यांत जेवढी माणसं पहिलीच्या मुलाबद्दल बोलली तेवढी मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती, आणि त्यातल्या फार थोड्यांनी विचारलं की पहिली भाषा तरी तो कशी शिकतोय, वर्गात दिवसभर करतो काय, बाई फक्त त्याच्याशी असं दिवसातून किती वेळा बोलतात. भाषा कोणती यावर आपण रस्त्यावर उतरू शकतो, शिकवायचं कसं हा विषय मात्र आपल्यासाठी बहुतेक डीएडच्या पोरांचा.

आणि निघालाच तर त्याचे दोनच पक्ष. एक म्हणतो नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलंय, तीन ते आठ वर्षं म्हणजे पायाभूत टप्पा, सगळं खेळातून शिकवा, जर्मनी-फिनलंडमध्ये बघा. दुसरा म्हणतो ही सगळी परदेशी फॅडं, आम्ही छड्या खाऊन पाढे पाठ केले आणि काही बिघडलं नाही. सुट्टीत घरी गेलं की दोन्ही पक्ष मला साक्षीदार म्हणून बोलावतात, तू सांग, तू तिथे राहतेस.

मी सांगितलेलं दोघांनाही आवडत नाही.

परदेशी फॅड म्हणणाऱ्यांना मी कोसबाडचं सांगते. बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडक आधी भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या, मग १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि १९५७ मध्ये ते काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं, बरोबर अनुताई वाघ. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, मग शिंपले, बिया, काड्या, पानं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा, कुरणशाळा. इथे आता जंगलातल्या बालवाड्यांचं फार कौतुक आहे, पहिली मान्यताप्राप्त १९९३ मध्ये फ्लेन्सबुर्गला निघाली, मला कुणी कौतुकाने दाखवली की मी कुरणशाळेबद्दल सांगते आणि समोरचा जर्मन माणूस नम्रपणे मान डोलावतो.

एवढं जुनं नको असेल तर माझ्या ताईचं ऐका. ताई सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत आहे, वीस वर्षं झाली. दहा-अकरा वर्षांपूर्वी ती कुमठे बीट (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) बघायला गेली होती, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रातून शिक्षक गाड्या करकरून तिथे जात होते, प्रतिभा भराडे मॅडम तिथल्या विस्तार अधिकारी. ज्ञानरचनावाद (म्हणजे मूल स्वतः करून बघत शिकतं) हा भीतिदायक शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी झाला. ताई सांगते, वर्गात शिरलं तर बाई दिसेनातच, कारण बाई खाली बसलेल्या, मुलं घोळक्या-घोळक्याने फरशीवर, कुणी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधतंय, कुणी शब्दांच्या पट्ट्या लावतंय, फळा भिंतीला अगदी खाली, मुलांचा हात पोचेल असा. सरकारी शाळा हां, तीच फरशी, तोच पत्रा.

मग २०१५ च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचा जीआर आला आणि गावोगाव लोकवर्गणीतून ऑइलपेंट आला. फरशीवर अंक, बाराखडी, सापशिडी, सगळं रंगवून झालं. ताईच्या शाळेतही रंगवलं. बऱ्याच ठिकाणी मुलं त्या रंगवलेल्या फरशीवर रांगेत मांडी घालून बसली आणि बाईंनी पुढे उभं राहून पाढे म्हणून घेतले. ताई म्हणते, अगं फरशी दोन दिवसांत झाली, पण कोणतं पोर कुठे अडलंय हे बघायची सवय लागायला मला दोन वर्षं लागली.

आता दुसऱ्या पक्षासाठी, जर्मनीत बघा म्हणणाऱ्यांसाठी. बघा, जरूर बघा, पण सगळं बघा. युर्गन रायशन नावाच्या स्विस शिक्षकाची एक पद्धत इथे बऱ्याच शाळांत शिरली होती, मुलांनी चित्र-अक्षरांचा तक्ता घेऊन कानाला जसं ऐकू येईल तसं लिहायचं, सुरुवातीला चुका दुरुस्त करायच्या नाहीत, मूल आपोआप वाचायला शिकेल. ऐकायला किती छान, किती बालकेंद्री. २०१८ मध्ये बॉन विद्यापीठाचा सुमारे ३००० मुलांचा अभ्यास आला, जुन्या पद्धतीने, पुस्तकातून एकेक अक्षर क्रमाने शिकलेल्या मुलांपेक्षा या मुलांच्या चौथीअखेर शुद्धलेखनाच्या चुका ५५ टक्के जास्त. आमच्या राज्याने तर २०१६ मध्येच ती पद्धत बंद केली होती. आणि २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत जर्मनीतल्या चौथीच्या साधारण चौथा हिस्सा मुलांना किमान पातळीचंही वाचता आलं नाही. तेव्हा स्वर्ग वगैरे काही नाही.

माझ्या मुलीच्या पहिलीच्या वर्गात २४ मुलं आणि एक बाई. अक्षर वाळूत काढतात, शब्दांत शोधतात, आणि मग वहीत ओळीच्या ओळी गिरवतात पण. हो, घोटून घेतात! फक्त सातव्या वर्षी, बोटांत जीव आल्यावर. आणि बाईंना माहीत असतं की हिला बी आणि डी उलटे पडतात आणि शेजारच्या मुलाला नाही, म्हणून दोघांना एकाच दिवशी वेगवेगळी पानं मिळतात.

मला जे कळलंय ते एवढंच, की खेळ की अभ्यास हे भांडणच चुकीच्या जागी चाललंय. मुलाच्या कलाने शिकवणं म्हणजे मुलाला मोकळं सोडणं नव्हे, त्यात बाईंना जास्त काम पडतं, कमी नाही. सतत बघायचं, लक्षात ठेवायचं, लिहायचं, योग्य वेळी बोलायचं आणि योग्य वेळी गप्प बसायचं. किटामध्येच हे मी उघड्या डोळ्यांनी बघितलंय, कारण इथे बालवाडीच्या शिक्षकांची भयंकर टंचाई आहे, मुलगी चार वर्षांची असताना एका हिवाळ्यात आठवड्याआड मेसेज यायचा, आज स्टाफ कमी, मुलांना दुपारी एकलाच घेऊन जा. त्या दोन-अडीच महिन्यांची फाइल मी नंतर बघितली. एक पण नोंद नाही. ठोकळे तेच, बाग तीच, मुलं खेळत पण होती, बघायला कुणी नव्हतं.

डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा दोघं भावंडं एकत्र होती. भाचा वाचनात पुढे आहे, कबूल करते, तो मराठी आणि इंग्रजी दोन्ही धडाधड वाचतो, आमचं पिल्लू जर्मन अडखळत आणि मराठी शून्य, सासूबाईंचा चेहरा मला बघवला नाही. मात्र भाचा चित्र काढायला बसला की दर दोन मिनिटांनी विचारायचा, मामी, बरोबर आहे ना? आता एका पोरावरून काही सिद्ध होत नाही, स्वभाव पण असतो एकेकाचा, नणंदेला तर मी हे बोललेच नाही. पण डोक्यात राहिलं.

परवा ताईशी बोलत होते. तिच्या शाळेत चार वर्ग, पट ३१, शिक्षक दोन, त्यातले दुसरे गुरुजी मतदारयादीच्या कामावर, आणि हिच्याकडे पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, शिवाय निवडणुकीची ड्युटी. मी तिला किटामधल्या त्या फाइलबद्दल मागे सांगितलं होतं, तेव्हापासून तिने पण एक दोनशे पानी वही केली होती, एकेका पोराला पाच-सहा पानं, गुडघ्यावर ठेवून वर्गात लिहायची. विचारलं, चालू आहे का गं ती? तर तिने फोटो पाठवले. पहिलीतल्या एका मुलीच्या पानावर नोव्हेंबरातली नोंद, चिंचोके वाटताना स्वतःला एक कमी घेतला आणि कुणाला सांगितलं नाही. त्याच्या खाली डिसेंबर अशी तारीख घातलेली, आणि पुढे पान कोरं.