आत्तीच्या पिशवीतला काळापहाड

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून दादाचा फोन आला. आमच्या पेठेतल्या वाचनालयानं जागा नाही म्हणून जुनी पुस्तकं बाद करायचं ठरवलंय, आणि पहिला नंबर लागलाय रहस्यकथांचा. दीड-दोनशे पुस्तकं सुतळीनं बांधून जिन्याखाली ठेवलीत. यावरून कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, निदान आता तरी कपाटात चांगलं साहित्य ठेवूया. दुसरा तट म्हणतो, वाचनालय चाललं ते या पुस्तकांवर, तुमचं चांगलं साहित्य कोण नेत होतं? सगळं सांगून झाल्यावर दादानं विचारलं, "तुझं काय म्हणणं? तू तिकडं असलंच वाचत बसतीस न्हवं?"

इंग्लंडमधल्या लीड्सला येऊन मला अकरा वर्षं झाली. मी असलंच वाचते हे खरं आहे. पण दादाच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येईना, कारण त्यासाठी आधी आत्तीच्या पिशवीबद्दल बोलायला हवं.

आत्ती दर शनिवारी वाचनालयात जायची. खाकी पुठ्ठ्याच्या बांधणीतली तीन पुस्तकं कापडी पिशवीतून आणायची. त्यांतली दोन बहुतेक वेळा बाबूराव अर्नाळकरांची असत, त्यांचा नायक काळापहाड नाहीतर झुंजार, आणि तिसरं एखादं 'जड'. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळं आत्तीला कधी तुटवडा पडला नाही. "एवढं संपवतो आणि मगच झोपतो," म्हणायची आणि खरंच संपवायची. एकदा एका पुस्तकाचं शेवटचं पानच नव्हतं. ती दोन दिवस अस्वस्थ होती. शेवटी वाचनालयातल्या दुसऱ्या एका बाईंकडून तिनं शेवट ऐकून घेतला, रेघी वहीच्या कागदावर आपल्या गोल अक्षरात लिहिला आणि कणकेच्या खळीनं पुस्तकाला चिकटवून ते परत केलं. पुढच्या माणसाची अडचण व्हायला नको, एवढाच तिचा विचार.

याच आत्तीनं 'ययाती' तीन वेळा वाचली होती. खांडेकर कोल्हापूरचे, आणि १९७४ चं ज्ञानपीठ या कादंबरीला मिळालेलं, मराठीतलं पहिलं. घरात त्या पुस्तकाला मान होता. आत्ती मात्र त्या मानापायी वाचत नव्हती. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा, तिघंही आपापली बाजू स्वतःच्या तोंडानं सांगतात, आणि आत्तीला त्यातच गोडी. "देवयानीचं ऐकलं की तिचं बरोबर वाटतंय. शर्मिष्ठेचं ऐकलं की तिचं. हा बाबा मात्र सोयीचं तेवढंच सांगतोय," असं ती भाकरी थापता थापता म्हणायची. कोण काय लपवतंय, कुणाच्या बोलण्यात फट आहे, हे ती शोधत असायची. ही नजर तिला काळापहाडानं दिली होती, असं मला आज ठामपणे वाटतं.

असं वाटायला कारण झालं इथं वाचलेलं एक पुस्तक. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही १८६८ ची कादंबरी. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा एका इंग्रज अधिकाऱ्यानं लुटलेला हिरा, तो पुढं इंग्लंडमधल्या एका घरातून चोरीला जातो, आणि ती हकिकत एकेक साक्षीदार आपापल्या वकुबानं सांगतो. म्हातारा कारभारी वेगळं सांगतो, धर्मवेडी बाई वेगळं, वकील आणखी वेगळं. शेवटी हिरा सोमनाथला, देवाच्या मूर्तीवर परत पोचतो. टी. एस. एलियटसारख्या कवीनं आधुनिक इंग्रजी गुप्तहेरकथांमध्ये हिला सर्वांत वरचं स्थान दिलं. शंभर पानं झाली आणि मला आत्ती आठवली. साक्षी तपासायची तीच रीत! आता ही रहस्यकथा म्हणायची की साहित्य? आत्तीला हा प्रश्न पडला नसता. मलाही तो महत्त्वाचा वाटत नाही.

इंग्रजीत हे भांडण झालंच नाही असं नव्हे. एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकानं १९४५ मध्ये गुप्तहेरकथांवर असा कडक लेख लिहिला की त्याची चर्चा अजून होते. पण कुणाला आवडो न आवडो, ब्रिटनमध्ये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कायद्यानं ब्रिटिश लायब्ररीत जाते. तिथं समीक्षकाला विचारत नाहीत. म्हणूनच त्या लायब्ररीला २०१२ पासून विस्मरणात गेलेल्या जुन्या रहस्यकादंबऱ्या पुन्हा छापता आल्या. १९३७ ची 'मिस्ट्री इन व्हाइट' २०१४ मध्ये परत आली आणि तडाखेबंद खपली. मी ती नाताळच्या सुट्टीत वाचली. बर्फात अडकलेली आगगाडी, रिकामं घर, चुलीवर उकळतं आधण आणि घरात माणूस नाही. तिथपर्यंत फार छान, पुढं जरा ढिली पडते. पण ती हातात आली म्हणून तर मला हे मत देता आलं.

आपल्याकडंही १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची. तरीही माझ्या माहितीतल्या वाचकांना अर्नाळकर भेटले ते पेठेतल्या, तालुक्याच्या वाचनालयांत. हाताळून हाताळून ती पुस्तकं झिजली. जी उरलीत ती अशी जिन्याखाली सुतळीत.

मला अर्नाळकरांचं सगळंच थोर म्हणायचं नाही. कितीतरी कथा घाईत लिहिलेल्या आहेत, योगायोगांवर ओढून नेलेल्या आहेत. जुन्या इंग्रजी पुस्तकांतही परका माणूस आला की संशय त्याच्यावर, आणि ते वाचताना माझ्यासारखीला त्रास होतो. पण अर्नाळकरांचं मराठी पळतं. एक वाक्य अडखळत नाही. सुहास शिरवळकरांनीही आधी रहस्यकथा लिहिल्या, आणि त्याच हातानं 'दुनियादारी' लिहिली. वाचकाला पान उलटायला लावायचं कसब त्यांना आभाळातून मिळालं नव्हतं.

एका गोष्टीत मात्र मला कोल्हापूर लीड्सपेक्षा मोठं वाटतं. इथल्या दुकानांत गुन्हेकथांचं कपाट निराळं असतं. माझी एक सहकारी पुरस्कारप्राप्त कादंबऱ्या सोडून काही वाचत नाही, आणि त्या कपाटाकडं ती कधी फिरकलीही नाही. आत्तीच्या पिशवीत दोन्ही एकमेकांना टेकून घरी यायचे. लीड्समध्ये वर्गणीदारांनी १७६८ मध्ये काढलेलं वाचनालय आजही चालू आहे, मी तिथं जाते आणि मला त्याचं कौतुक आहे. पण करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं आहे, आणि देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये केला. अशा गावानं कुठलं पुस्तक उच्च यावर वाद घालत बसावं आणि तोवर ते किलोवर जावं, हे मला सोसत नाही.

दोन्ही तटांना म्हणूनच माझं एकच सांगणं आहे. आधी यादी करा. नाव, लेखक, प्रकाशक, साल, पानं किती शाबूत, एवढं वहीत लिहा. स्कॅन करून सगळ्यांना वाटायची घाई नको. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे २०५६ संपेपर्यंत वारसांची परवानगी लागेल. पण प्रत जपून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. लोखंडी कपाटाचे पैसे मी देते, तसं पत्र कार्यकारिणीला पाठवलंय. जागा नसेलच तर आमच्या घराची माडी रिकामी आहे.

रविवारी दादा वाचनालयात जाऊन गठ्ठे सोडणार आहे. त्याला सांगितलंय, शेवटचं पान नाही म्हणून कुठलंही बाजूला टाकू नकोस, आणि मागं रेघी कागद चिकटवलेला दिसला तर आधी मला फोटो पाठव.