बेण्याबरोबर टक्केवारी येत नाही

‘मेघालयातल्या लाकाडोंग हळदीचे बेणे आणा, गोव्याच्या लाल मातीत लावा, 7 ते 9 टक्के कुरकुमिन हमखास. मातीतल्या लोहाने रंग गडद होतो. चुन्यात जितकी लाल, तितके कुरकुमिन जास्त.’ हा निरोप फोंड्याकडच्या बागायतदारांत सध्या फिरतो आहे. कुरकुमिन म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य. त्यावर विसंबून माझ्या शेजाऱ्याने महागडे बेणे घेतले. मला ते बघवत नाही.

लाकाडोंगची जात उत्तम, यात वाद नाही. पण तो आकडा जैंतिया टेकड्यांतल्या थंड हवेत पिकलेल्या कंदांचा आहे, तोही वाळल्या वजनावर काढलेला. कंदात कुरकुमिन किती भरेल हे जातीबरोबरच ऊन, माती, खत आणि काढणीची वेळ ठरवतात. एकच जात दोन गावांत लावली तर आकडा बदलतो. गावे कशाला, माझे कुळागरच, म्हणजे पोफळींची मिश्र बाग, बघा. गेल्या फेब्रुवारीत एकाच बेण्याची हळद दोन जागी खणली. बांधावर ऊन खाल्लेले 5 किलो ओले गड्डे उकडून वाळवल्यावर किलोभर हळकुंडे झाली. पोफळींच्या दाट सावलीतल्या तेवढ्याच गड्ड्यांची जेमतेम पाऊण किलो. सावलीतली पाने मात्र हळदीच्या पानांत उकडायच्या पातोळ्यांना हवीत तशी रुंद! गड्डाच असा पोकळ राहिला, तर त्यात कुरकुमिन मेघालयाइतके भरेल याची हमी कोण देणार? शिवाय पातोळ्यांसाठी रोपे ओरबाडली तर गड्ड्याला पोसणार कोण? रोपामागे एखाद-दुसरे पानच काढावे.

लोहाचे म्हणाल तर कुरकुमिनच्या रेणूत लोह नाहीच. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच. उलट आपल्या आम्लधर्मी जांभ्या मातीतले लोह स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवते, रोपाला मिळू देत नाही, आणि पावसात पालाश (पोटॅश) वाहून जाते. शेणखत, राख आणि आच्छादन यांवाचून इथे गड्डा पोसत नाही.

चुन्यात हळद लाल होते, कुंकू तसेच बनते. पण ते कुरकुमिन असल्याची खूण आहे, किती आहे याची नव्हे. थोडक्या कुरकुमिननेही रंग पालटतो. वासावरूनही काही कळत नाही, कारण वास टर्मेरोनसारख्या उडून जाणाऱ्या तेलांचा. मोजमाप प्रयोगशाळेतच होते.

शेजाऱ्याला सांगितले आहे: सगळे बेणे एकदम लावू नकोस. एका वाफ्यात ते लाव, लगतच्या वाफ्यात आपली गावठी. खत सारखे घाल, पाने सुकली की एकाच दिवशी काढ, एकाच कढईत उकड. दोन्हींचे नमुने तपासून घे आणि येईल तोच आकडा पाकिटावर छाप.