कार्ड कपाटात, पण यादीत नाव आहे का?

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर हमखास ऐकू येणारं वाक्य: "अहो, कार्ड आहे ना माझ्याकडे!" असेल. पण मत देता येतं ते मतदार यादीत नाव असल्यामुळे. कार्ड फक्त ओळख पटवायला. त्यामुळे कार्डाला प्लॅस्टिकचं कव्हर घालण्याआधी मतदार सेवा पोर्टलवर नाव शोधा, किंवा १९५० वर फोन करा. शोधताना कार्डावरचा क्रमांक टाका. नाव-वय टाकून शोधलं की 'पाटील' आणि 'पाटिल'मध्ये अर्धा तास जातो.

सगळ्यात जास्त घोळ फॉर्म ६ चा. हा फॉर्म नव्या मतदारासाठी आहे. नाशिकहून पुण्याला घर बदललंत, तर फॉर्म ८ भरायचा. पत्ता बदल, नाव-जन्मतारखेची दुरुस्ती, हरवलेलं कार्ड, दिव्यांग असल्याची नोंद, सगळं त्याच एका फॉर्मवर होतं. तरीही निवडणूक जवळ आली की कार्यकर्ते सोसायटीत फॉर्म ६ चे गठ्ठे वाटतात, लोक भरतात आणि दोन ठिकाणी नावं लागतात. दोन नावं ठेवणं बेकायदा आहे, आणि फॉर्मवर खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गठ्ठे वाटणारे हे सांगत नाहीत. मात्र जुनं नाव यादीतून वगळलंच गेलं असेल, तर पुन्हा फॉर्म ६ च भरावा लागतो.

अठरा वर्षं कधी पूर्ण झालेली हवीत? १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा एवढंच लागतं. भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार चालतो. नोटरी केलेला कागद पुढे केला की गाडी अडते. ऑनलाइन भरताना इंग्रजी नावाचं मराठी रूप आपोआप तयार होतं. ते न वाचता 'पुढे' दाबलं, की कार्डावर आडनावाची वाट लागलेली दिसते. अर्ज गेल्यावर मिळणारा संदर्भ क्रमांक जपा, आणि बीएलओ (तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारे कर्मचारी) चौकशीला येतील तेव्हा घरात कुणीतरी असू द्या. अर्ज नामंजूर झाला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. हे फारच थोडे लोक करतात.

वेळेचं गणित नीट समजून घ्या. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. आलेल्या अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज गेलेला हवा. महापालिका आणि जिल्हा परिषदेला तर आणखी वेगळं. राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र नावनोंदणी करत नाही. ठरवलेल्या एका तारखेची विधानसभेची यादी घेऊन प्रभागांत विभागतो. त्या तारखेनंतर लागलेलं नाव तिथे दिसणार नाही, कितीही भांडा.

आता ओळखपत्र. लोकसभा-विधानसभेला व्होटर कार्ड नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, बँक किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, मनरेगा जॉबकार्ड, फोटोसह पेन्शनची कागदपत्रं यांपैकी एक चालतं. दुसऱ्या मतदारसंघाचं जुनं कार्डही चालतं, पण नाव या केंद्राच्या यादीत हवं. स्पेलिंगच्या किरकोळ चुकीवरून परत पाठवता येत नाही; फोटोच जुळत नसेल तर दुसरा पुरावा द्यावा लागतो. घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी मात्र २०१९ पासून ओळखीचा पुरावा नाही. ती फक्त केंद्र आणि अनुक्रमांक शोधायला. परदेशातून नोंदणी केलेल्यांना मूळ पासपोर्टच लागतो.

आणि आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर घरी परतू नका. ओळख पटवा आणि केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका मागा. ते मत यंत्रावर न जाता कागदावर होतं आणि नेहमीच्या मोजणीत धरलं जात नाही, पण तुमच्या नावावर गडबड झाल्याची सरकारी नोंद राहते.